नवसाचा अल्बम

अमरावती,
मार्गशीर्षातला दुसरा मंगळवार

आमचे मानाचे जवाईबापू श्री. शालिकरामजी यांना किशोरचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. (कॉलेजात आपण माझ्या एक वर्ष पुढे होतात, म्हणून नमस्कार. पुढे माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न केलंत, म्हणून आशीर्वाद. यातला कोणता कोणावर पडतो ते चौदा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही, तेव्हा दोन्ही ठेवून घ्यावेत.) इकडे सगळे ठीक आहोत. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आमच्याकडे येऊन राहिले आहेत. ऑपरेशन चांगलं झालं, आणि आता त्यांना भिंतीवरची पाल, माझ्या डोक्यावरचं टक्कल आणि पौर्णिमाच्या वरणातलं पाणी, सगळं स्वच्छ दिसतं. आकांक्षा दहावीला आहे, म्हणजे आम्ही तिघंही दहावीला आहोत. ज्योत्स्नाची कंबर कशी आहे? स्वराली शाळेत रोज जाते ना? आणि राखीला आपण आला होतात तेव्हा आपल्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या, दुकानाचं शटर लागलं म्हणालात, ते बरं झालं का, हे आवर्जून कळवावं. या कागदाच्या कोपऱ्यात तेलाचा एक डाग पडला आहे त्याकडे दुर्लक्ष करावं. स्कूटरची चेन साफ करता करता लिहायला बसलो.

आजच्या काळात पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर मी आपल्याला गेल्या आठवड्यात अकरा निरोप पाठवले. अकराही निरोपांपुढे निळ्या खुणा आल्या आणि उत्तर म्हणून आपण एक हात जोडलेलं चित्र आणि सोयाबीनवरच्या अळीची माहिती पाठवलीत. शेवटी फोन केला तर म्हणालात, ‘‘आयकला नाई बा अजून. टाइम कोठी हाय?’’ आणि मागून कोणीतरी तणनाशक मागितलं म्हणून फोन ठेवलात. पत्राला निळी खूण नसते आणि ते वाचताना गिऱ्हाईक आलं तर घडी घालून खिशात ठेवता येतं, म्हणून हा खटाटोप.

विषय आपल्याला माहीत आहेच. ‘भरदुपार’चा नवा अल्बम आला आहे. सतरा वर्षांनी आला आहे. (ज्या बँडचे ड्रम आपण स्वतः आठ वर्षं बडवलेत त्याचं नाव आपल्याला आठवत असेल असं मी धरून चालतो.) अल्बमचं नाव ‘किनारा मौनाचा’. हे नाव वाचून मी जे खाली बसलो तो अजून धड उठलेलो नाही. जवाईबापू, आपण चौघं अमरावतीच्या होस्टेलच्या गच्चीवर, मे महिन्यात, पत्र्याच्या टाकीच्या सावलीत वाजवत होतात. गच्ची इतकी तापायची की बंडू बेस गिटार वाजवताना एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायचा, आणि लोकांना वाटायचं याला संगीत चढलं. त्या बँडनं पहिला अल्बम काढला त्याचं नाव ‘लोडशेडिंग’. दुसरा काढला त्याचं नाव ‘कुलर’. आणि तिसऱ्याचं नाव किनारा! कोणाचा किनारा? आमच्या चौदा पिढ्यांत कोणी किनारा पाहिला नाही. श्रेयसनं तो पाहिला असेल तर पुण्याला जाऊन सुट्टीत पाहिला असेल, आणि गाणाऱ्यानं सुट्टीत काय पाहिलं ते आम्हाला ऐकवायची काही गरज नव्हती. आणि मौन! या माणसाला आपण सगळे ‘भोंगा’ म्हणायचो.

तरीही मी अल्बम आला त्या दिवशी रजा टाकली. विद्यापीठात मी पुनर्मूल्यांकनाचं काम पाहतो हे आपण जाणता, म्हणजे नापास झालेल्यांचे अर्ज घेऊन त्यांचा पेपर पुन्हा तपासायला पाठवणं हे माझं पोटापाण्याचं साधन आहे, आणि त्यामुळे कोणालाही एकदम नापास करायचं नाही अशी मला सवय लागली आहे. माळ्यावरून होस्टेलच्या काळातले मोठे स्पीकर काढले. एकात चिमणीचं जुनं घरटं होतं ते काढलं. अगरबत्ती लावली. रसिक मंडळाच्या सभासदांना बोलावलं. (‘भरदुपार रसिक मंडळा’चे एकेकाळी साठ सभासद होते, आता अध्यक्ष म्हणून मी आहे आणि सभासद म्हणून झेरॉक्सवाले नत्थुजी आहेत. ते एकही गाणं ऐकत नाहीत, पण मंडळाच्या सभेत चहा असतो हे त्यांच्या लक्षात आहे.) बाबांनाही खुर्ची दिली. पौर्णिमा कधी नव्हे ती मंदमंद हसत स्वयंपाकघरात होती. ती का हसत होती ते पुढे येईल.

पहिलं गाणं सुरू झालं आणि पाणी गळायला लागलं. मी म्हटलं सुरुवात आहे. एक मिनिट झालं, दोन झाली, पाणी गळतच राहिलं. पौर्णिमा धावत गच्चीवर गेली, टाकी भरून वाहते आहे म्हणून. टाकी कोरडी होती. पाणी गाण्यात होतं. मग बासरी आली. मग श्रेयसनं श्वास घेतला, आणि सोडला, आणि पुन्हा घेतला. नत्थुजींनी मला विचारलं की गाणाऱ्याची तब्येत बरी नाही का. पाच मिनिटांचं हे गाणं संपलं तेव्हा त्यात शब्द एकूण चार होते, आणि त्यातले दोन ‘आत’ आणि ‘आत’. आकांक्षा अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली की बाबा, हे तर समोरच्या काकूंच्या योगाच्या क्लासला लावतात तसलं आहे. दहावीतल्या पोरीनं पहिल्याच वाचनात पेपर बरोबर तपासला.

दुसऱ्या गाण्यात लाटा आहेत. तिसऱ्यात कोणी एक मुलगा येतो आणि इंग्रजीत फार घाईनं काहीतरी सांगून निघून जातो, जसा कुरिअरवाला सही घेऊन जातो. चौथ्यात टाळ्या आहेत, आणि त्या माणसांच्या नाहीत, यंत्राच्या आहेत. ज्या बँडसाठी आम्ही हाताला फोड येईपर्यंत टाळ्या वाजवल्या, त्याला टाळ्या यंत्रातून घ्याव्या लागल्या! मागितल्या असत्या तर मी स्वतः पुण्याला जाऊन वाजवून आलो असतो. श्रेयस आपलं ‘मले’-‘तुले’ सोडून सगळीकडे ‘मला’ आणि ‘तुला’ करून गातो ते मी सोडून देतो. माणूस पुण्यात राहतो, सोसायटीच्या वॉचमनशीही त्याला तसंच बोलावं लागत असेल.

पण पाचवं गाणं मी सोडून देणार नाही. पाचवं म्हणजे आपलं ‘लोडशेडिंग’, नव्यानं केलेलं. आठवतं का? मध्येच सगळी वाद्यं एकदम बंद व्हायची, जशी लाइट जाते तशी, आणि पाचशे पोरं अंधारात ओरडायची, ‘‘गेली रे गेली!’’ मग आपण तोंडानं एक-दोन न मोजता, कोणाकडे न पाहता, एकदम ड्रमवर यायचात, आणि गाव उठायचं. त्या गाण्याचं नाव त्यांनी आता ‘अंधाराशी मैत्री’ ठेवलं आहे. ते इतकं हळू केलं आहे की मधली ती जागा आली तरी कळत नाही. मी मात्र घरी खुर्चीवर उभा राहून ‘‘गेली रे गेली!’’ असं ओरडलो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दुपारी साडेतीन वाजता. शेजारच्यांनी उठून मीटर पाहिलं. आणि त्या ओरडण्यानंतर ड्रम आलेच नाहीत. एक टक-टक आवाज आला, भिंतीवरच्या घड्याळासारखा. मी अल्बमची नामावली मोबाइलवर मोठी करून वाचली. गायन श्रेयस, गिटार वसंत, बेस बंडू. ताल: संगणक. त्या ठिकाणी मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही, कारण आपण जवाई आहात आणि हे पत्र ज्योत्स्नाही वाचेल.

मी लगेच वसंताला फोन केला. तो इथेच कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवतो. फोन उचलून त्यानं दबक्या आवाजात सांगितलं की बाबारे, वर्गात घर्षण चालू आहे, नंतर बोल. नंतर त्यानं उचलला नाही. बंडूला नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात लावला तर तिथे यंत्रांचा इतका आवाज की मी काय म्हणतो ते त्याला ऐकू आलं नाही, आणि तो काय म्हणाला ते मला. पण खरं सांगू का, त्या यंत्रांच्या आवाजात ‘किनारा मौनाचा’पेक्षा जास्त दम होता.

सहा आणि सात नंबरची गाणी मी ऐकली आहेत एवढंच म्हणतो. त्यांना मी कृपांक देऊन सुद्धा पास करू शकत नाही. आठव्या, म्हणजे शेवटच्या गाण्याबद्दल मला या पत्रात काही लिहायचं नाही.

आता आपण म्हणाल, अल्बम वाईट निघाला तर निघाला, बंद कर आणि ‘कुलर’ लाव. तेच तर करता येत नाही. अडचण वांग्याची आहे.

ही गोष्ट आपल्याला अर्धीच माहीत आहे, ती आज पूर्ण सांगतो. ‘भरदुपार’ मोडली ती माझ्यामुळे. लोक म्हणतात श्रेयस पुण्याला गेला म्हणून मोडली, पण तो गेला वर्षभरानं. मोडली ती आपण ड्रम सोडलेत म्हणून, आणि ड्रम आपण सोडलेत ते माझ्या बहिणीशी आपलं लग्न ठरलं त्या साक्षगंधाच्या दिवशी. ही सोयरीक मी जुळवली होती. का? मुलगा निर्व्यसनी, वावर काळं, ओलिताचं, हे सगळं मी बाबांना सांगितलं, पण मनातली गोष्ट अशी होती की जगातला सगळ्यात आवडता ड्रम वाजवणारा दर पोळ्याला, दर दिवाळीला आपल्या घरी जेवायला येईल. लोक आवडत्या कलाकाराची सही घेतात, मी बहीण देऊन बसलो. साक्षगंधाला बाबांनी आपल्याला विचारलं की मुलगा करतो काय. आपण ताठ मानेनं सांगितलंत की ड्रम वाजवतो. बाबा म्हणाले, ‘‘ते ठीक हाय. पन काम काय करता?’’ त्यानंतर काय बोलणं झालं ते अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं: लग्नानंतर त्या थाळ्या-डबे बंद, हाताला धंदा पाहिजे. आपण एकदा ज्योत्स्नाकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे. आणि हो म्हणालात. मी बाजूलाच बसलो होतो. तोंडात पेढा होता. मी एक शब्द बोललो नाही, उलट मान हलवली. त्या पेढ्याची चव मला अजून आठवते, आणि ती गोड नाही.

मग तिकडे आपल्या शहरात जठारपेठेत कृषी केंद्र उघडलं, फीत बाबांनीच कापली, आणि ज्या हातांनी आपण गच्च्या हलवल्यात ते हात फवारणी पंपाचे नोझल मोकळे करायला लागले. श्रेयस गेला, बाकीचे दोघे नोकरीला लागले. मी त्या वर्षी हनुमान जयंतीला गावच्या वेशीवरच्या मारुतीपुढे उभा राहिलो. (मुद्दाम मारुती धरला. तो ब्रह्मचारी आहे, लग्नापायी मोडलेल्या गोष्टीची त्याला कणव येईल असा माझा हिशेब.) आणि बोललो: बाबा मारुती, ‘भरदुपार’चे चौघंच्या चौघं पुन्हा एकत्र येऊन नवा अल्बम काढतील त्या दिवसापर्यंत मी वांगं तोंडात घालणार नाही, आणि काढला की साऱ्या गावाला गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी घालीन.

वऱ्हाडात राहून वांगं सोडणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. मला वाटलं होतं वर्ष, फार तर दोन वर्षं. बारा झाली. बारा वर्षांत मी किती लग्नांत नुसतं वरण आणि जिलबी खाल्ली हे मारुतीला ठाऊक. प्रत्येक पंगतीत वाढणारा पोरगा वांग्याची बादली घेऊन येतो, मी पत्रावळीवर आडवा हात धरतो, आणि तो रागानं पाहतो की याला आमची भाजी चालत नाही. एका डॉक्टरनं मला अ‍ॅलर्जी ठरवून गोळ्या दिल्या. कार्यालयात बातमी पसरली की मी कोणत्यातरी महाराजांचा अनुग्रह घेतला, आणि देवमन शिपाई एक दिवस पिशवीत नारळ घेऊन माझ्याकडे आला की साहेब, तुमच्या महाराजांना विचारा माझ्या पोराचं लग्न कधी जमते. मी म्हटलं महाराज ड्रम वाजवत होते, आता खत विकतात. तो पाया पडला. (तारीखही विचारून ठेवली आहे, सवडीनं कळवावी.) आणि पौर्णिमा! लग्न करून आली तेव्हा तिचं वांगं नातेवाइकांत नाव काढलेलं होतं. नवस बोललो तेव्हापासून बारा वर्षं ती स्वतःसाठी आणि पोरीसाठी वेगळी भाजी करते, माझ्यासाठी दोडके. तिनं एकदाही तक्रार केली नाही, पण दोडके मात्र मुद्दाम बेचव केले.

आता त्या दिवशी ती का हसत होती ते कळलं असेल. अल्बम संपला, मी डोकं धरून बसलो होतो, आणि तिनं ताट आणून समोर ठेवलं. भरलेली, लहान, काटेरी देठांची वांगी. वर तेलाचा तवंग. घरभर वास. बारा वर्षांनी. ती म्हणाली, ‘‘घ्या, आला तुमचा अल्बम. खाऊन घ्या आता.’’ मी वास घेतला, डोळे मिटले, आणि म्हटलं की नाही. नवस फिटला नाही. चौघं म्हटलं होतं, तीनच आले. चौथा संगणक आहे, आणि मारुतीपुढे मी संगणकाचं नाव घेतलं नव्हतं. शिवाय अल्बम वाईट आहे. यावर बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘‘चांगला काढतीन तवा खाईन, असं म्हनलं होतं का तू?’’ मी म्हटलं, नव्हतं म्हटलं. ‘‘मंग? देवाले काऊन दोष देतं? त्यानं सांगितलं तेवढं केलं.’’ मी म्हटलं, बाबा, तेवढंही नाही केलं, पाऊण केलं. तेव्हा पौर्णिमानं ताट उचललं, आणि गेले आठ दिवस आमच्या घरात खरं मौन आणि खरा किनारा आहे. ती त्या किनाऱ्यावर, मी या.

तेव्हा एवढं सगळं लिहिण्याचं कारण हे, की आपण या प्रकरणातले पहिले अर्जदार आहात असं समजून मी आपला निकाल मागतो. अल्बममध्ये आपण नाही, म्हणून अल्बम ‘भरदुपार’चा नाही, म्हणून नवस शिल्लक आहे, असं आपण दोन ओळींत लिहून सही करून द्यावं. ते मी पौर्णिमाला दाखवीन. आणि आपण जर तसं लिहून देऊ शकत नसाल, तर का देऊ शकत नाही तेही लिहावं. ज्योत्स्नाला, स्वरालीला आशीर्वाद. दुकानातल्या मोठ्या पेटीवर पाय आपटायची आपली सवय अजून आहे असं ज्योत्स्ना सांगते, त्यानं पेटीला काही होत नाही, पण गिऱ्हाईक दचकतं, तेवढं सांभाळावं.

आपला मेहुणा आणि ‘भरदुपार रसिक मंडळा’चा (उरलेला) अध्यक्ष,
किशोर

ता. क. — (इथून पुढचं बुधवारी सकाळी लिहितो आहे.) येत्या शनिवारी गावच्या मारुतीपुढे रोडगे आहेत. गोवऱ्या रचून झाल्या, गावाला आवतण गेलं. आपण सहकुटुंब सकाळी आठपर्यंत पोचावं. वांगी आपल्याच वावरातली आणावीत, दोन पोती, लहान आणि काटेरी. वरच्या सगळ्या मजकुरानंतर नवस फिटला नाही तर रोडगे कशाचे, असं आपण विचाराल. विचारू नये. पुढचं वाचावं.

ता. क. दोन — आठव्या गाण्याबद्दल लिहायचं नाही असं म्हटलं होतं, ते लिहितो. गाण्याचं नाव ‘खळं’. त्यात बासरी नाही, पाणी नाही, श्वास नाही. सुरुवातीला काठीवर काठी चार वेळा वाजते. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच डोकं धरून बसलो. त्यानंतर आठ दिवसांत ते मी एकशेचाळीस वेळा तरी ऐकलं आहे. नागपूरच्या स्पर्धेत परीक्षकानं आपले गुण कापले होते ते आठवतं? म्हणाला, ड्रमवाला प्रत्येक चौथ्या ठोक्याला किंचित उशिरा येतो. त्या शहाण्याला काय माहीत की आपण ताल तुरीच्या खळ्यावर शिकलात. काठी मारायची, मग पेंडी पायानं उलटवायची, मग पुन्हा मारायची, तो उलटवण्याचा उशीर आपल्या हातातून कधी गेला नाही. संगणक उशीर करत नाही, जवाईबापू. संगणकाला पेंडी उलटवावी लागत नाही. आणि ऐन श्रावणात, फवारणीच्या धांदलीत, कोणती बियाणं कंपनी दुकानदारांची तीन दिवस मीटिंग अमरावतीला ठेवते? ज्योत्स्नानं भोळेपणानं फोनवर सांगितलं होतं. (भोळेपणानं नाही. तिला सगळं माहीत आहे, आपल्या काठ्या पिशवीत तिनंच घातल्या.) आणि शटर एखाद्या बोटाला लागतं. दोन्ही हातांच्या त्याच त्या बोटांना, त्याच त्या जागी लागत नाही. मला राग आला आहे तो अल्बमचा नाही. अर्धा अल्बमचा आहे. बाकीचा हा आहे, की जगात एका माणसाला ही गोष्ट पहिल्यांदा सांगायची होती, आणि आपण त्याला अळीची माहिती पाठवलीत.

ता. क. तीन — आपण नाव का घातलं नाही ते मला कळतं. बाबांना शब्द दिला होता. म्हणून हे लिहितो. काल सकाळी मी ‘खळं’ लावून दाढी करत होतो. बाबा बाजूला बसले होते. मी आरशात पाहिलं तर त्यांचा हात मांडीवर पडत होता, आणि चौथ्या ठोक्याला हवेत थांबत होता. म्हणाले, ‘‘हा आपला जवाई हाय.’’ मी वस्तरा खाली ठेवला. ‘‘आपल्या वावरात आला होता ना तुरीले, तवा पायलं मी त्याले. असाच थांबते तो.’’ मग मी धीर करून साक्षगंधाच्या दिवसाची आठवण दिली, की तुम्हीच त्यांना बंद करायला लावलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नव्या डोळ्यांनी. त्यांना काहीही आठवत नव्हतं. ‘‘मी? मी कायले म्हनू? … म्हनलं असन बा. पोरीचा बाप होतो, म्हनलं असन कायतरी.’’ मग म्हणाले, ‘‘आन त्यानं चौदा वर्सं ते धरून ठेवलं? तूर झोडाले तं आता मशीन आली. मंग हात चालवन कोठी तो मानूस?’’ शनिवारी ते स्वतः जवाईबापूंच्या खांद्यावर मानाचा दुपट्टा टाकणार आहेत. माझ्यावर मात्र कालपासून रागावले आहेत की तू तिथं बसला होता ना, तू काऊन बोलला नाई.

ता. क. चार — वसंता आणि बंडू येतच आहेत, श्रेयस पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघतो आहे. (किनारा घरी ठेवून ये असं कळवलं आहे.) ड्रमसाठी वेगळी गाडी सांगू नये. आपला जुना संच साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी भंगारात गेला असं मी आपल्याला सांगितलं होतं, ते खोटं. तो आमच्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला मी पुसतो.

आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यातला डाग स्कूटरच्या तेलाचा नाही. काल दुपारी पौर्णिमापुढे जाऊन बसलो आणि वांग्याचं ताट मागितलं. दोन वेळा मागून घेतलं. तिथून उठून पत्र लिहायला बसलो तेव्हा हात नीट धुतला नव्हता.